मोटारीचा जीर्णोद्धार : मूळ रूप की मालकाची हौस?

वस्तू जुनी झाली म्हणजे ती दुरुस्त करावी लागते. आणि दुरुस्त करू लागले म्हणजे ती थोडी थोडी नवी होत जाते. हे नवेपण साठत साठत एके दिवशी असा प्रश्न उभा राहतो की, समोर आहे ती वस्तू तीच आहे की दुसरीच? घर, देऊळ, पोथी यांच्या बाबतीत माणसाने हा प्रश्न फार पूर्वीपासून विचारला आहे. १९९० साली तो लंडनच्या न्यायालयात एका मोटारगाडीसंबंधी विचारला गेला, आणि त्याच्या उत्तरावर एक कोटी पौंडांचा व्यवहार अवलंबून होता.

त्या गाडीचे नाव ‘ओल्ड नंबर वन’. बेंटली कंपनीची ही ‘स्पीड सिक्स’ जातीची शर्यतीची मोटार. फ्रान्समधील ल मां येथे चोवीस तास अखंड चालणारी जी जगप्रसिद्ध शर्यत होते, ती ह्या गाडीने १९२९ व १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली. दोन्ही वेळा चाकावर वूल्फ बार्नाटो होता. पहिल्या वर्षी त्याच्या जोडीस टिम बर्किन, तर दुसऱ्या वर्षी ग्लेन किडस्टन. पुढे १९३१ साली बेंटली कंपनी डबघाईस येऊन रोल्स-रॉईसच्या ताब्यात गेली, तरी ही गाडी धावतच राहिली. तिच्यात आठ लिटरचे मोठे इंजिन बसविण्यात आले. १९३२ च्या सप्टेंबरात ब्रुकलंड्स येथील पाचशे मैलांच्या शर्यतीत ती वळणाच्या उंच कडेवरून खाली कोसळली आणि तिचा चालक क्लाइव्ह डनफी मृत्युमुखी पडला. त्यानंतर मोडलेली गाडी पुन्हा बांधून बार्नाटोसाठी तिची रस्त्यावर चालविण्याजोगी बंद मोटार करण्यात आली.

जवळजवळ साठ वर्षांनी, १९९० साली, तिचे त्या वेळचे मालक एडवर्ड हबर्ड यांनी ती एका कंपनीस विकण्याचा करार केला. किंमत एक कोटी पौंड. काही भाग रोख, काही भाग दुसऱ्या गाड्यांच्या रूपाने. मग खरेदीदाराने पाऊल मागे घेतले. त्याचे म्हणणे असे की, ही गाडी ती गाडीच नव्हे. ल मां जिंकणाऱ्या मोटारीचे सुटे भाग कधीच नाहीसे झाले आहेत. उरले आहे ते केवळ नाव.

न्यायमूर्ती ऑटन यांनी २७ जुलै १९९० रोजी दिलेला निकाल आजही मोटारींच्या जाणकारांत आदराने वाचला जातो. त्यांनी प्रथम गाडीचे जणू शवविच्छेदन केले. १९२९ च्या गाडीचे किरकोळ साहित्यापलीकडे काही शिल्लक असेल असे त्यांना वाटले नाही. १९३० च्या गाडीपैकी पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि सुकाणूचा दांडा एवढेच काय ते उरले होते. चॅसिस आणि इंजिनाचा सांगाडा हे १९३२ चे. म्हणजे ‘मूळची’ हा शब्द ह्या गाडीस लावता येणार नाही, हे न्यायमूर्तींनी मान्य केले. तरीही निकाल त्यांनी हबर्ड यांच्याच बाजूने दिला. कारण गाडी मूळची नसली तरी अस्सल होती. तिच्यात फरक झाले ते एकामागून एक, उघडपणे, शर्यतीच्या गरजेपोटी आणि तिच्या चालत्या आयुष्यात झाले. ती कधी भंगारात गेली नाही, कधी नाहीशी होऊन पुन्हा ‘सापडली’ नाही, आणि तिच्या नावावर हक्क सांगणारी दुसरी कोणतीही गाडी जगात नव्हती. तिच्या इतिहासाची साखळी कोठेही तुटलेली नव्हती.

‘मूळची’ आणि ‘अस्सल’ हे दोन शब्द आपण एरवी एकाच अर्थाने वापरतो. न्यायमूर्तींनी त्यांत जो भेद केला, तो समजून घेतला म्हणजे जुन्या मोटारींच्या जीर्णोद्धाराचा अर्धाअधिक वाद उलगडतो. राहिलेला वाद मालकाच्या हौसेचा आहे. त्यासाठी थोडे मागे जावयास हवे.

जीर्णोद्धाराचे आधुनिक शास्त्र मोटारींनी जन्मास घातले नाही. ते इमारतींकडून आले. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्यूक नावाचा एक विद्वान वास्तुशास्त्रज्ञ होऊन गेला. त्याचे मत असे की, जुनी वास्तू नीट करावयाची म्हणजे तिला पूर्णत्वास न्यावयाचे. मग ते पूर्ण रूप पूर्वी कधी प्रत्यक्षात नसले तरी चालेल. पॅरिसच्या नोत्र दाम ह्या महामंदिरावर त्याने ह्याच दृष्टीने काम केले आणि स्वतःच्या कल्पनेप्रमाणे एक नवा उंच मनोरा उभारला. उलट इंग्लंडात जॉन रस्किनने १८४९ साली बजावले की, अशी दुरुस्ती म्हणजे वास्तूचा नाशच होय, शिवाय वर खोटेपणा. त्याच विचाराने विल्यम मॉरिसने १८७७ साली प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापन केली. तिचा उपदेश साधा होता. छप्पर गळत असेल तर ते बुजवा, भिंत कलली असेल तर टेकू द्या, परंतु काळाने वास्तूवर उमटविलेली खूण पुसू नका.

कोणाचे खरे? काळाने ह्या प्रश्नाचे गमतीदार उत्तर दिले. १५ एप्रिल २०१९ रोजी नोत्र दामला आग लागली आणि व्हियोले-ल-द्यूकचा तो मनोरा जळून कोसळला. पुनर्बांधणीच्या वेळी नव्या घाटाचा मनोरा उभारावा, अशाही सूचना आल्या. पण अखेर त्याचाच मनोरा जसाच्या तसा पुन्हा बांधण्यात आला आणि डिसेंबर २०२४ मध्ये मंदिर भाविकांस खुले झाले. एके काळी ज्याला एका माणसाची लहर म्हणून नावे ठेवली गेली, तेच दीड शतकाने ‘मूळ रूप’ ठरले.

गोमंतकातील वाचकांना ह्याच प्रश्नाची दुसरी बाजू घराजवळच पाहावयास मिळते. जुन्या गोव्यातील बॉम जेझूचे बाझिलिका आज तांबड्या जांभ्या दगडाचे दिसते, आणि लाखो लोकांच्या मनात तेच त्याचे प्राचीन रूप ठसले आहे. वस्तुतः त्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या सुमारास पोर्तुगीज अमदानीत वास्तूला अधिक पुरातन कळा यावी म्हणून तो काढून टाकण्यात आला. जांभा हा सच्छिद्र दगड. कोकणपट्टीच्या पावसात उघडा पडला म्हणजे झिजतो. तेव्हा गिलावा पुन्हा चढवावा की नाही, ह्यावर अलीकडच्या वर्षांत बराच वाद झाला आहे. एका माणसाच्या आवडीने जे काढले गेले, त्याची किंमत भिंती आजतागायत मोजीत आहेत. जीर्णोद्धारात हौसेपायी काय पणास लागते, ते येथे दिसते.

आता मोटारींकडे वळू. इंग्लंडात १८९६ साली मोटारींवरील जाचक वेगमर्यादा उठली, तेव्हा १४ नोव्हेंबरला लंडनहून ब्रायटनपर्यंत मोटारींची एक यात्रा निघाली. तीस-एक वर्षांनी, १९२७ साली, जुन्या गाड्या घेऊन तीच यात्रा पुन्हा काढण्यात आली; आणि १९३० साली अशा गाड्या जपणाऱ्यांचा पहिला मोठा क्लब स्थापन झाला. त्या पिढीपुढचा प्रश्न साधा होता. गोठ्यातून, कोठारातून, भंगारवाल्याकडून गाडी सोडवावयाची आणि ती चालती करावयाची. चालू झाली म्हणजे भरून पावले.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हा छंद संपन्न झाला आणि त्याचे रूप पालटले. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे १९५० साली मोटारींची एक सौंदर्यस्पर्धा सुरू झाली. पहिली काही वर्षे तिचा सर्वोच्च मान नव्या गाड्यांस मिळाला. १९५५ साली, पुढे शर्यतींचा जगज्जेता झालेल्या फिल हिलने १९३१ सालची जुनी पिअर्स-अ‍ॅरो गाडी नीट करून आणली आणि तो मान पटकावला. तेथून पुढे जुनी गाडी नव्याहून नवी करण्याची चढाओढ लागली. कारखान्यातून बाहेर पडताना ज्या गाडीचा पत्रा किंचित ओबडधोबड असे, तिच्यावर लांबी घासून घासून आरशासारखे पृष्ठ येऊ लागले. १९२० च्या सुमाराच्या गाड्यांवर निकलचा मुलामा असे. त्याची झाक पिवळसर आणि मऊ. क्रोमचा मुलामा सर्रास झाला तो १९२८ ते १९३० च्या सुमारास. परंतु क्रोम अधिक चकाकतो, म्हणून कित्येक जुन्या गाड्यांच्या दिव्यांवर व रेडिएटरवर तो चढला. कोणी फसविण्याच्या हेतूने हे केले नाही. चकचकीत ते चांगले, एवढीच त्यामागची समजूत होती.

ह्या बाबतीत अज्ञान आणि हौस ही कशी हातात हात घालून चालतात, ते फोर्डच्या ‘मॉडेल टी’वरून दिसते. १९०८ ते १९२७ ह्या काळात दीड कोटी निघालेली ही गाडी फक्त काळ्या रंगात मिळे, असे सर्वत्र ऐकावयास मिळते. खरी गोष्ट अशी की, केवळ काळ्याचा नियम १९१४ ते १९२५ एवढ्याच वर्षांचा. त्याआधीच्या गाड्या हिरव्या, तांबड्या, करड्या, निळ्या अशा होत्या, आणि शेवटच्या काळात रंग पुन्हा आले. तेव्हा १९०९ ची तांबडी गाडी ‘मूळ रूपात आणावयाची’ म्हणून जो तिला काळा रंग देतो, तो मूळ रूपच पुसतो. आणि १९१८ च्या काळ्या गाडीस जो आवडीखातर तांबडा रंग देतो, तोही तेच करतो. दोघांच्या हातून घडते ते एकच. जुन्या रंगाचा शेवटचा थर खरवडून निघाला म्हणजे खरे काय होते हे सांगणारा साक्षीदारच नाहीसा होतो.

कागदपत्र हरवले तर त्याची नक्कल कोठे तरी सापडण्याचा संभव असतो. मात्र रंगाच्या थराची, कारागिराच्या हातोडीच्या खुणेची, आसनाच्या चामड्यावरील सुरकुतीची नक्कल कोणत्याही दफ्तरात नसते. ह्या जाणिवेने विसाव्या शतकाच्या अखेरीस वारा फिरला. ज्या गाडीस कोणी हातच लावला नाही, तिची प्रतिष्ठा वाढली. ह्याचे टोकाचे उदाहरण म्हणजे माजोरे सरोवरातील बुगाती. १९२५ सालची ही छोटी गाडी अनेक दशके तळाशी पडून होती. २००९ साली ती वर काढली, तेव्हा तिची एक बाजू गंजून गेली होती. २०१० साली पॅरिस येथील लिलावात एका अमेरिकन संग्राहकाने तिला दोन लक्ष साठ हजार युरो मोजले आणि ती दुरुस्त न करता, तशीच गंजलेल्या अवस्थेत संग्रहालयात मांडली.

दोन टोकांच्या मधला मार्ग जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने आखला. वास्तूंच्या रक्षणासाठी १९६४ साली व्हेनिस येथे एक सनद तयार झाली होती. तिचाच आदर्श पुढे ठेवून महासंघाने २०१२ साली ‘तुरीनची सनद’ संमत केली. तिचे सार थोडक्यात असे. शक्य तेवढे राखावे, आवश्यक तेवढेच बदलावे. बदल करावाच लागला तर तो पुन्हा काढता येईल असा असावा, त्याची नोंद असावी, आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीसोबत जपून ठेवावेत. गाडी ज्या दिवशी कारखान्यातून निघाली तेवढाच तिचा इतिहास नव्हे. पुढच्या आयुष्यात तिच्यावर जे संस्कार झाले, तेही तिच्या इतिहासाचा भाग होत.

मग मालकाच्या आवडीस काहीच स्थान नाही काय? येथे एक गोष्ट विसरता कामा नये. ज्या गाड्यांस आज आपण अभिजात म्हणतो, त्यांतील पुष्कळशा मुळात कोणाच्या तरी आवडीनेच घडल्या. त्या काळी उंची गाडीचा कारखाना केवळ चॅसिस व इंजिन पुरवी. वरची बॉडी निराळ्या कारागिरांकडून, गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे बांधून घेतली जाई. हैदराबादच्या सहाव्या निजामांनी मागविलेली व त्यांच्या मृत्यूनंतर येऊन पोहोचलेली १९१२ सालची पिवळी रोल्स-रॉईस पाहा. तिच्यात बसावयास सिंहासनासारखे उंच आसन आहे. आज ती चौमहल्ला राजवाड्यात पाहावयास मिळते. इंदूरचे यशवंतराव होळकर ह्यांनी माणिकबागेचा राजवाडा जसा एका तरुण जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून अत्याधुनिक थाटात बांधून घेतला, तशीच मोटारही. अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीचे चॅसिस त्यांनी लंडनला आणवून त्यावर गर्नी नटिंग ह्या पेढीकडून लांबलचक बॉडी बांधून घेतली आणि तिला नारिंगी व काळा रंग दिला. पुढे त्या गाडीचा मालक झालेल्या एखाद्यास हे रंग भडक वाटले आणि त्याने शांत निळा रंग दिला असता, तर गाडी कदाचित अधिक सुबक दिसली असती. परंतु ती होळकरांची गाडी राहिली नसती.

येथे कोणी विचारील की, पहिल्या मालकाची आवड ती इतिहास आणि दुसऱ्याची ती लहर, हा कोठला न्याय? शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर २०२४ साली पेबल बीचलाच मिळाले. त्या वर्षीचा सर्वोच्च मान १९३४ सालच्या एका बुगाती टाइप ५९ गाडीस मिळाला. जीर्णोद्धार न केलेल्या, केवळ जतन केलेल्या गाडीस हा मान मिळण्याची ही पहिलीच वेळ. ही गाडी मुळात ग्रां प्री शर्यतीची. १९३४ ची बेल्जियमची शर्यत तिने जिंकली होती. पुढे कारखान्यानेच तिचे रूप बदलले, आणि बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड ह्यांनी ती घेतली तेव्हा तिला काळा रंग व पिवळा पट्टा मिळाला. परीक्षकांपुढे ती आली ती त्याच जुन्या, तडकलेल्या काळ्या रंगात. शर्यतीची निळी गाडी पुन्हा ‘मूळ’ करावयाची म्हणून कोणी तो रंग खरवडला असता, तर राजाची आवड गेली असती, आणि हाती आली असती ती एक नवीनच निळी गाडी.

तेव्हा हौसेचा प्रश्न पहिल्या-दुसऱ्या मालकाचा नसून क्रमाचा आहे. गाडीच्या चालत्या आयुष्यात, तिला वापरणाऱ्याने केलेला बदल तिच्या चरित्रात जमा होतो. ती इतिहासाची वस्तू म्हणून आपल्या हाती आल्यावर केलेला बदल त्या चरित्रावर आपली अक्षरे उमटवितो.

मराठी वाचकांस हा भेद नवा वाटू नये. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथ महाराजांनी अनेक प्रती ताडून ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. नाथ स्वतः केवढे कवी! त्यांच्या लेखणीतून उतरलेली ओवी कोणास खटकली असती? परंतु ह्या ग्रंथात कोणीही आपली ओवी घालू नये, असे त्यांनी निक्षून सांगितले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती काढली, तिच्यात तर आणखी एक पाऊल पुढे टाकलेले दिसते. प्रक्षिप्त ठरलेले श्लोक तेथे फेकून दिलेले नाहीत. ते वेगळे काढून, पण नोंदवून ठेवले आहेत. मोटारीचा काढलेला भाग खोक्यात घालून चिठ्ठी लावून ठेवावा, ह्या तुरीनच्या नियमाचे मर्म ह्याहून निराळे नाही.

आपल्या देशात ह्या प्रश्नास एक निराळीच धार आहे. येथे गाड्या बदलल्या त्या फार वेळा हौसेने नव्हे, तर अडचणीने. सुटे भाग मिळत नसत, पेट्रोल महागले, म्हणून कित्येक मोठ्या अमेरिकन गाड्यांची मूळ इंजिने काढून तेथे डिझेल इंजिने बसविण्यात आली. आमच्या मेस्त्री लोकांनी लेथवर भाग घडवून, एका गाडीचा भाग दुसरीस जुळवून त्या चालत्या ठेवल्या. शुद्धतेचा आग्रह धरणारा ह्याला विद्रूप म्हणेल. पण हा बदल झाला नसता, तर त्यांतील पुष्कळ गाड्या भंगाराच्या तराजूत गेल्या असत्या. मेस्त्रीचे ते इंजिन हाही त्या गाडीच्या, आणि आपल्या समाजाच्या, इतिहासाचा एक कागदच आहे.

दुसरीकडे कायदाही ह्या क्षेत्रात उतरला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. वाहन मूळ रूपात राखलेले असावे, चॅसिस, बॉडी अथवा इंजिन ह्यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही त्यांतील अट. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही खास अक्षरे. हेतू चांगलाच आहे. तथापि डिझेल इंजिनावर तगलेल्या गाडीच्या मालकापुढे त्यामुळे पेच उभा राहतो. मूळ जातीचे पेट्रोल इंजिन परदेशातून शोधून आणून बसवावे, तर गाडी नियमात बसेल. पण ते इंजिन तिचे स्वतःचे थोडेच असणार? ऑटनसाहेबांच्या भाषेत सांगावयाचे तर ती ‘मूळच्यासारखी’ होईल. अधिक अस्सल होईलच असे नाही.

अशा वेळी जाणते लोक करतात ते फार अवघड नाही. काम हाती घेण्याआधी प्रत्येक भागाची छायाचित्रे घ्यावयाची. रंग खरवडण्यापूर्वी एखाद्या कोपऱ्यात, मडगार्डच्या आतल्या बाजूस, जुन्या थरांचा तुकडा तसाच राखावयाचा. काढलेले इंजिन विकावयाचे नाही. रस्त्यावर चालवावयाची तर ब्रेक, टायर, दिवे ह्यांत सुरक्षिततेची तडजोड करावयाची नाही. मात्र ती सोय उद्या उलगडता येईल अशी बसवावयाची. आणि आपली आवड पुरवावयाचीच असेल, तर ती अशा गाडीवर पुरवावयाची, जिच्या हजारो बहिणी शिल्लक आहेत. मुंबईच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या असंख्य फियाट-पद्मिनींपैकी एखादीस मालकाने जांभळा रंग दिला, तर इतिहासाचे फारसे बिघडत नाही. निदान आज तरी नाही. परंतु ज्या गाडीची जगात एकच प्रत उरली, तिचा मालक हा खऱ्या अर्थाने मालक नसून राखणदार असतो.

‘आज तरी’ हे शब्दही जपूनच वापरले पाहिजेत. मुंबईच्या रस्त्यांवर एके काळी काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींची रांग संपत नसे. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस त्यांतील शेवटची नोंदलेली टॅक्सी सेवेतून गेली. जे पोत्याने मिळते, त्याची किंमत कोणी करीत नाही, आणि ते विरळ झाले म्हणजे त्याचे मूळ रूप कसे होते हे सांगणारे थोडेच उरतात. आज ज्यांच्या अंगणात एखादी जुनी गाडी ताडपत्रीखाली उभी आहे, त्यांनी ती रंगवावयास देण्यापूर्वी एकदा तिच्या दाराच्या आतल्या कडेवरचा पहिला रंग पाहून ठेवावा, आणि तो कागदावर लिहून ठेवावा. पुढे तिला कोणता रंग द्यावयाचा हे ज्याने त्याने ठरवावे. पण पुढच्या पिढीस मूळ रंग कोणता होता हे सांगता आले पाहिजे.